माँतेवर्दीचं व्हेस्पर्स: एकाच मॅग्निफिकातच्या दोन पट्ट्या कशा?

काळी_पाच
माझ्याकडे इटालियन संगीतकार माँतेवर्दीच्या १६१० च्या व्हेस्पर्सची (चर्चमधल्या सायंप्रार्थनेचं संगीत) दोन ध्वनिमुद्रणं आहेत, दोन संचालकांची: अँड्र्यू पॅरट यांचं १९८४ चं आणि जॉन एलियट गार्डिनर यांचं व्हेनिसच्या सान मार्को चर्चमधलं १९८९ चं. ‘लाउदा येरुसालेम’ हे स्तोत्र आणि शेवटचं ‘मॅग्निफिकात’ (मरियेचं स्तुतिगीत) पॅरटकडे चांगलंच खाली आहे, गार्डिनरकडे खूप वर. बाकीच्या भागांत एवढा फरक नाही. फाइल संथ चालतेय म्हणावं, तर लय बिघडलेली वाटत नाही. शिवाय त्यातल्याच ‘आउदी चेलुम’ या भागात प्रतिध्वनी असतो म्हणतात, तो ब्लूटूथ स्पीकरवर मला सापडतच नाही.

खर्ज
फाइल ठीक आहे. पॅरट यांनी हे दोन भाग मुद्दाम एक चतुर्थ खाली घेतलेत. आपल्या भाषेत पांढरी चारचं पांढरी एकवर.

कारण छपाईत आहे. त्या काळी काही रचना ‘उंच’ क्लेफमध्ये छापत (क्लेफ म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता सूर हे सांगणारी सुरुवातीची खूण). सुरावट पाच रेघांच्या आत बसायची, वरखाली जादा रेघा काढाव्या लागत नसत. असा क्लेफ दिसला की पट्टी खाली घ्यायची, हे गायकांना आणि ऑर्गनवाल्याला ठाऊक असे, त्यामुळे वेगळी सूचना छापायची गरज नव्हती. १६१० च्या छापील वह्यांत हे दोन भाग तसेच आहेत. छापलंय तसं गायलं तर सगळे आवाज इतर भागांपेक्षा वर चढून बसतात आणि मॅग्निफिकातमध्ये कॉर्नेटोवाल्यांना बाकी कुठेच नाहीत इतके वरचे सूर काढावे लागतात. चौथ खाली आणा, सगळ्यांच्या मर्यादा इतर भागांशी जुळतात.

(हा कॉर्नेटो म्हणजे बँडमधला कॉर्नेट नव्हे. लाकडी नळी, वरून चामडं, बासरीसारखी बोटांची भोकं, पण फुंकायचं तुतारीसारख्या मुखातून. वरच्या सुरांत तो लगेच दमतो.)

तंबोरा_अॅप
घरी तपासायचं तर यंत्राच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. कोणी आजच्या पट्टीत वाजवतं, कोणी अर्धा सूर वर, त्यामुळे दोन सीडी एकमेकींशी ताडण्यात अर्थ नाही. एकाच सीडीत ताडा. मॅग्निफिकातच्या आधीचं ‘आवे मारिस स्तेला’ हे गीत जिथे संपतं तो सूर सा धरून तंबोरा लावा. बंद न करता पुढचं मॅग्निफिकात शेवटपर्यंत ऐका. ते त्याच सा वर येऊन टेकलं तर खाली घेतलेलं. मध्यमावर टेकलं तर छापलंय तसं.

खर्ज
नेमकी कसोटी. सीडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतंच असं नाही.

उभा_स्वर
गार्डिनरच्या बाजूने एक शब्द. वरच्या पट्टीतलं मॅग्निफिकात झळाळतं, सान मार्कोसारख्या घुमणाऱ्या जागेत ते उठून दिसतं. खाली घेतल्यावर खर्जाचे आवाज फार खोल जातात. तिथे दमदार बास नसेल तर तळ पोकळ वाटतो. पॅरट यांच्याकडे बहुतेक ठिकाणी एका ओळीला एकच गायक आहे, म्हणून तिथे गाळ साचत नाही. मोठ्या कोरसने तीच पट्टी घेतली तर शब्द बुडतात. पुराव्याने पॅरट बरोबर, पण मी गार्डिनर टाकून देणार नाही.

प्रतिध्वनीचं: ‘आउदी चेलुम’मध्ये एक टेनर (उंच पुरुषी आवाज) गातो आणि दुसरा लांबून शब्दाचं शेपूट उचलतो. ‘गाउदिओ’वर उत्तर येतं ‘आउदिओ’, म्हणजे ‘ऐकतोय’. ‘सोलामेन’वर ‘आमेन’. सगळी गंमत अंतरात आहे आणि एका डब्याचा ब्लूटूथ स्पीकर डावं-उजवं एकत्र करून तेच अंतर खातो. हेडफोन लावा, किंवा दोन स्पीकर निदान दीड-दोन मीटर लांब ठेवा. ‘दुओ सेराफिम’लाही हेच. दोन देवदूतांचे दोन टेनर, आणि ‘त्रेस सुंत’ म्हणजे ‘तिघे आहेत’ या शब्दांवर तिसरा येतो. मोनोमध्ये तो आला हेच कळत नाही.

काळी_पाच
हेडफोनवर सापडला. पण ‘पुल्क्रा एस’ आणि ‘दिक्सित’ हे दोन भाग सारख्याच जोराने वाजतात, आणि मॅग्निफिकातच्या तुकड्यांमध्ये ‘टक’ होतं.

तंबोरा_अॅप
पहिलं आवाज-समतोलामुळे, म्हणजे अॅप सगळ्यांचा जोर सारखा करतं म्हणून. अॅपमध्ये तो ‘ट्रॅक’वर आहे, ‘अल्बम’वर करा किंवा बंदच करा. ‘पुल्क्रा एस’ दोन आवाजांचं, ‘दिक्सित’ला सहा आवाज आणि वाद्यं. दोन्ही सारखी केली की रचनेचा चढउतारच गेला.

‘टक’ एमपीथ्रीमुळे. त्या फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेची बारीक पट्टी चिकटते, आणि मॅग्निफिकातचे बारा तुकडे तर सलग ऐकायचे असतात. सीडी परत फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा, प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ (मध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू करा, शफल बंद.

खर्ज
उतरवताना एवढं पाहा: आपण बोलतोय ते मॅग्निफिकात सात आवाजांचं, पण काही संचांत शेवटी दुसरं, सहा आवाजांचं जोडलेलं असतं. मूळ पुस्तकात दोन्ही आहेत. नावं सारखी असल्याने एक फाइल दुसरीवर चढते. नावापुढे ‘सात’ आणि ‘सहा’ लिहून ठेवा.