सहनिर्मितीचा पैसा वाईपर्यंत पोहोचतो का?

कृष्णाकाठ:
मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चे (२००४) चित्रीकरण झाल्याला वीस वर्षे उलटून गेली. तेव्हापासून वाई परिसरात कितीतरी युनिटे येऊन गेली, पण त्यांचा इथला खर्च खोल्या, गाड्या, जेवण आणि गर्दीतल्या माणसांची रोजंदारी यांपलीकडे फारसा गेला नाही. परदेशी सहनिर्मितीचे, म्हणजे दोन किंवा अधिक देशांच्या निर्मात्यांनी मिळून काढलेल्या चित्रपटाचे, तसे नसते. फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, इटली अशा अनेक देशांशी भारताचे करार आहेत. करारात बसणारा चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी ठरतो आणि दोन्हीकडची मदत मागू शकतो. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने परदेशी चित्रपटांना इथल्या खर्चाचा जो भाग सरकार परत देते, त्या परताव्याची मर्यादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि रकमेने ३० कोटी रुपयांपर्यंत नेली. साताऱ्याने ही संधी मागून घेतली पाहिजे.

माणदेशी:
परतावा भारतात झालेल्या खर्चावर मिळतो, सातारा जिल्ह्यात झालेल्या खर्चावर नव्हे, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. कॅमेरा, दिवे, जनरेटर, संकलन, ध्वनिमिश्रण ही जड बिले मुंबईचीच असतात. मुंबई जवळ म्हणून निर्मात्यांना वाई आवडते, आणि मुंबई जवळ म्हणूनच वाईत काही उभे राहत नाही. मी दोन हंगाम गाड्या पुरवल्या. शेवटच्या बिलासाठी मला सहा महिने फोन करावे लागले.

कृष्णाकाठ:
आपली तक्रार माझ्याच बाजूची आहे. परतावा हवा असेल तर खर्चाचे तपासलेले हिशेब द्यावे लागतात, त्यामुळे तोंडी व्यवहारावर काम भागत नाही.

माणदेशी:
मग पक्के बिल देऊ न शकणारा सुतार, शिंपी आणि खानावळवाली मावशी आधी बाहेर पडतील, आणि त्यांची कामे पुण्याच्या ठेकेदाराकडे जातील. हिशेब चोख होईल, पण पैसा गावात राहणार नाही.

मिरजकर:
‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ ही फ्रान्स, भारत, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांची सहनिर्मिती. २०२४ मध्ये तिला कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. तिचा उत्तरार्ध रत्नागिरीकडचा आहे. गौरव झाला, पण त्यामुळे तिथे दिव्यांचे किंवा ध्वनीचे काम शिकलेली माणसे किती तयार झाली, हे विचारले पाहिजे. माझ्या मते राज्याने परवानगी देतानाच स्थानिक शिकाऊंची अट घालावी.

माणदेशी:
अट अवश्य घालावी, मात्र शिकाऊला मानधन कोण देणार तेही त्याच कागदावर लिहावे. फुकट राबणारी पोरे आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.