मदत हवी आहे: मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, गाडी दारात, तरी आज्या जात नाहीत. खरी कारणं कशी काढावीत?

नमस्कार. मी जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. डिसेंबरात गावात डोळे तपासणी शिबिर झालं. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदू निघाला. दुसऱ्या दिवशी मिरजेला न्यायला गाडी आली, ऑपरेशन आणि जेवण दोन्ही फुकट. गाडीत बसले फक्त चौघं. बाकीच्यांच्या नावापुढे ‘रुग्ण तयार नाही’ असं लिहून कागद बंद झाला. मला ते फार लागलं.

तिसरीतल्या एका मुलीच्या आजीकडे गेले. आधी म्हणाल्या, “आता वय झालं, काय करायचंय.” चहा झाल्यावर खरं निघालं. मुलगा-सून दिवाळीनंतर टोळीबरोबर वाळव्याकडे ऊसतोडीला गेलेत, ते कारखाना बंद झाल्यावर येणार. घरात तीन नातवंडं, चार शेरडं आणि चूल. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, महिनाभर थेंब घालायचे. “मग पोरांस्नी भाकरी कोण घालंल?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारच्या घरी वेगळंच. ‘मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत’ आणि ‘थंडीतच काढावा’ असं त्या ऐकत आल्यात. आणि नेमकी थंडीतच घरं रिकामी! शिवाय आमच्याकडे पुष्कळ घरांत कानडी बोलतात आणि सूचना मिळतात मराठीत.

मला घरोघरी नीट विचारून पुढचं शिबिर ठरवणाऱ्यांपुढे मांडायचंय. पण ‘का गेला नाहीत?’ विचारलं की सगळ्या ‘वय झालं’ म्हणतात. कसं विचारावं? अनुभव असेल त्यांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, माण-खटाव भागात मी बरीच वर्षं सरकारी नेत्र विभागात काम केलं. ‘का’ हा शब्दच टाळा, माणसाला तो जाब वाटतो. घडलेलं विचारा: घरातलं कुणी दवाखान्यात शेवटचं कधी गेलं, सोबत कोण होतं, त्या दिवशी रोज किती बुडाला, घर कुणी सांभाळलं. दिसत नाही हेही त्या सांगणार नाहीत, म्हणून सुई ओवता येते का, तांदळातले खडे दिसतात का, नाणी ओळखता का, असं विचारा.

आणि हे सगळ्यांना सांगाच: मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. ऑपरेशन कुठल्याही ऋतूत होतं.

प्रतिसाद २
मग शिबिर मे महिन्यात मागा की, टोळ्या परत आलेल्या असतात. ग्रामसभेचा ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे द्या. आशाताईंना सोबत घ्या, घरात कोण कधी असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल त्याच आजींकडे पुन्हा गेले. सुई ओवायचं विचारलं तर नातीला हाक मारली: “हीच ओवून देती, दोन वर्षं झाली.” मेमध्ये सून घरी असते, तेव्हा गाडी आली तर पहिली बसेन म्हणाल्या. ठरावाचं सरपंचांशी बोलले आहे.

एक अडचण राहिलीच. त्या कानडी बोलतात, पण वाचता कुठलंच येत नाही. थेंब केव्हा घालायचे, हे सूर्य, चंद्र आणि भाकरी काढून चित्रात दाखवलं तर समजेल का? कुणी असं करून पाहिलंय का?