वित्तीय भूगोल हा वेगळा विषय झाला तरी कसा?

प्रश्न:
एमए भूगोल, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी वित्तीय भूगोल (पैसा आणि बँका कुठे असतात, कुठे नसतात याचा अभ्यास) घ्यायचं फार मनात आहे पण ज्याला सांगावं तो हेच विचारतो की पैसा एका क्लिकवर जगभर फिरतो, त्यात भूगोल कुठून आला? मला धड उत्तर देता येत नाही. हा विषय उभा कसा राहिला कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वेंपासून सुरू कर. १९७४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली घरकर्जं तपासली. शहर एकच, पण सुखवस्तू भागात बँकांची कर्जं, गोऱ्या कामगारांच्या वस्तीत छोट्या बचतसंस्था, आणि आतल्या गरीब वस्तीत बँक फिरकतच नव्हती, सगळा व्यवहार रोखीत नाहीतर खाजगीत. कृष्णवर्णीय कुटुंबं घरांची सट्टेबाजी करणाऱ्यांकडून हप्त्यावर घर घ्यायची आणि वर्षानुवर्षं हप्ते भरूनही ते नावावर व्हायचं नाही. मी हे वाचलं तेव्हा नकाशाकडे बघायची नजरच बदलली.

प्रतिसाद २:
हार्वे पाया आहेत हे खरंच, पण स्वतंत्र विषय म्हणून आकार आला १९९० नंतर. १९९२ ला अर्थतज्ज्ञ रिचर्ड ओब्रायन यांचं जागतिक वित्तावरचं पुस्तक आलं, उपशीर्षकच 'भूगोलाचा अंत'. म्हणजे तुला आज जे विचारतात तेच. त्यावर भूगोलवाले गप्प बसले नाहीत, १९९४ ला कॉर्ब्रिज, मार्टिन आणि थ्रिफ्ट यांनी 'मनी, पॉवर अँड स्पेस' काढलं आणि १९९५ ला लेशन-थ्रिफ्टचा लेख आला, ब्रिटन-अमेरिकेत बँका गरीब भागातल्या शाखा बंद करून पैसेवाल्या गिऱ्हाइकांकडे कशा सरकल्या त्यावर. माझ्या मते हाच लेख सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रश्न पैसा कुठे जातो एवढाच नाही, कुठून काढता पाय घेतो हाही आहे. २००८ नंतर तर हे सगळ्यांनाच दिसलं, अमेरिकेतल्या वस्त्यांमधली कर्जं बुडली आणि त्या कर्जांवरचे रोखे घेतलेल्या जर्मनीतल्या बँका अडचणीत आल्या.

प्रतिसाद ३:
क्लिकवाल्यांना २०१० ची केबल सांग. शिकागोचा वायदेबाजार आणि न्यू जर्सीतले शेअरबाजाराचे सर्व्हर यांच्यामध्ये डोंगर फोडून शक्य तितकी सरळ केबल टाकली, का तर सिग्नलचं जाणं-येणं साधारण १३ मिलिसेकंदात (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) व्हावं, म्हणजे आपला सौदा इतरांच्या आधी पोचेल. अंतराला किंमत नसती तर कुणी एवढं खणलं असतं का?

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे! केबलचं उदाहरण उद्याच गाईडना सांगते. प्रबंध मात्र बंद झालेल्या शाखांवरच करावा असं आता वाटतंय, १९९५ चा लेख आज रात्री वाचायला घेते.