पंतोजींच्या शाळेत इतिहास नव्हता, मग तो आला कुठून?

महालकर:
बी.एड.च्या टिपणासाठी विचारतो. भोसल्यांच्या काळात नागपुरात मुलांना इतिहास शिकवत होते का? पुण्या-मुंबईचं भरपूर सापडतं, आपल्याकडचं नाही.

जुनीपाने:
नाही. पंतोजींकडे धुळपाटीवर मुळाक्षरं, मग मोडीचं वळण, पावकी-निमकी-दिडकी, पत्रांचे मायने, हिशेब. बखर दरबारात, पोवाडा चावडीवर, पुराण कीर्तनात. त्यावर मार्क कोणी देत नव्हतं. विषय व्हायला छापील क्रमिक पुस्तक आणि बाहेरचा परीक्षक लागतो. ते दोन्ही इंग्रजी अमलाबरोबर आले.

धंतोलीकर:
पुण्या-मुंबईचं सापडतं म्हणता, गफलत तिथेच होते. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या पुस्तकाच्या मराठी भाषांतरापासूनची ती सगळी परंपरा मुंबई इलाख्याची. नागपूर १८५४ ला खालसा झालं आणि १८६१ पासून मध्य प्रांतात. हिस्लॉप यांची मिशन शाळा १८४६ ची, पण त्याच नावाचं कॉलेज १८८३ ला निघालं ते कलकत्ता विद्यापीठाला जोडून. पुढे अलाहाबाद. नागपूरचं स्वतःचं विद्यापीठ थेट १९२३ ला. म्हणजे नागपुरातल्या बर्डीवरच्या पोरानं काय पाठ करायचं, ते कलकत्त्याची प्रश्नपत्रिका ठरवायची!

जुनं पुस्तक हाती आलं तर आधी अनुक्रमणिका बघा. हिंदू, मुसलमान, ब्रिटिश असे तीन काळ दिसले की ती ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलची १८१७ ची वाटणी. पहिले दोन धर्मावरून, तिसरा मात्र 'ख्रिस्ती' नाही. त्यापुढे गव्हर्नर-जनरलवार प्रकरणं असतील तर नागपूर कुठे बसतं पाहा: वेलस्लीखाली १८०३ चा देवगावचा तह, लॉर्ड हेस्टिंग्जखाली (वॉरन नव्हे) १८१७ ची सीताबर्डीची लढाई, डलहौसीखाली खालसा. आपलं शहर फक्त हरताना दिसतं. पहिल्या रघुजी भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्या असल्या तर बंगालच्या प्रकरणात, लूट म्हणून.

महालकर:
मग विरोध कोणी केलाच नाही?

जुनीपाने:
केला की. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्येच ग्रँट डफवर टीका केली, पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडेही तुटून पडले. पण तोही पुण्याकडचा वाद, नागपूरच्या टिपणात जपून वापरा.
नागपूरसाठी पुराभिलेखागाराच्या इथल्या शाखेत मध्य प्रांताच्या शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल मागा. १९०३ आधीच्या अहवालांत अमरावती-अकोला शोधत बसू नका, वऱ्हाड तेव्हा वेगळा होता.