मोरजीच्या वाळूवरची रॉबर फ्लाय: फोटोत काय टिपायचं?

प्रश्न: गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर मर्यादवेलीजवळ (वाळूवर पसरणारी वेल) कोरड्या वाळूवर करडी माशी बसते, उडते नि पुन्हा जवळपासच टेकते. वरून काढलेल्या फोटोंवरून ओळख पटत नाही. रॉबर फ्लायच ना, म्हणजे दुसरे किडे पकडून खाणारी शिकारी माशी? चावते का?

वाळूवेडा: आधी समोरून बघा. दोन डोळ्यांमध्ये खोलगट खाच आणि तोंडावर ताठ केसांची मिशी असेल तर तीच. पंख दोनच, चार दिसले तर गांधीलमाशीच्या गोतावळ्यातलं काहीतरी. जात ठरवायला नुसता वरचा फोटो बहुधा कुचकामी. समोरून, बाजूनं आणि पोटाच्या टोकाचा, असे तीन तरी हवेत, पंखांच्या शिरा स्पष्ट. नराचं जननांग टोकालाच असतं, बऱ्याच जाती त्यावरच ठरतात.

खाजन: आपली सावली तिच्यावर पडली की संपलं, उडते. पाठलाग नको, तिथंच गुडघे टेकून थांबा. भक्ष्य धरलेली माशी उत्तम: सोंडेतून लाळ टोचून आतलं विरघळवते नि शोषते, त्याला वेळ लागतो. चिमटीत धरलीत तर मात्र सोंड खुपसते, चांगलंच झोंबतं.

वाळूवेडा: आणि भक्ष्यही फ्रेममध्ये घ्या, लोक नेमकं तेच कापतात!