धावायला लागल्यावर वजनाचं काय होतं? (अनुभव धागा)

पहाटपाऊल:
कपाट आवरताना नवशिक्यांच्या गटाची जुनी नोंदवही हाती लागली. तारीख, वजन, झोप, अंतर असे चार रकाने. जवळजवळ प्रत्येक पानावर तोच आकार: पहिल्या आठवड्यात काटा जरा खाली, दुसऱ्या-तिसऱ्यात परत वर, आणि चौथ्याच्या आसपास कितीतरी जणांपुढे रकाने कोरे. माणसं सोडून गेली, तीही नेमकी नको त्या वेळी. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं निमित्त होऊन आता मैदानं पुन्हा भरतील, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट तपशिलात लिहा, नव्यांच्या कामी येईल.

सुरुवात करते. काटा वर जातो तो पाण्यामुळे. धावण्याची सवय नसलेले स्नायू आधी ग्लायकोजेनचा (म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा) साठा वाढवतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा १५० ग्रॅमनं वाढला की झाले ६०० ग्रॅम. मग पोटऱ्या-मांड्या भरून येतात ती सूज. धावल्यानंतर २४ ते ७२ तास तिथेही पाणी असतं. शिवाय पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग वाढतो, उकाड्यात जरा जास्तच. तिन्ही मिळून एक किलो सहज होतं.

आता दुसरी बाजू. धावताना ढोबळ खर्च किलोमागे, किलोमीटरमागे १ कॅलरी. ७० किलोचा माणूस आठवड्यातून तीनदा ३ किमी धावला तर ६३० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे आठवड्याला गेली ८० ग्रॅम! ८० ग्रॅम चरबी गेली आणि किलोभर पाणी आलं, तर काटा वरच जाणार. सहा आठवडे तरी काट्यावरून निकाल लावू नका, एवढंच कळकळीचं सांगणं.

टेकडीवाला:
ताई, वेळेवर काढलात धागा. वजन *कसं* करायचं ते लिहितो, अर्धा गोंधळ तिथेच असतो.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी. कपडे तेच किंवा कमीत कमी. काटा फरशीवर, चारही पाय टेकलेले. दोन फरश्यांच्या सांध्यावर एक पाय आला तरी आकडा हलतो. आकडा स्थिर होऊ द्या, उतरा, परत चढा. दोन्ही वेळी एकच आला तर लिहा.

रोजचा आकडा लिहायचा, पण वाचायची ती सात दिवसांची सरासरी. समजा ७४.२, ७३.९, ७४.८, ७४.६, ७४.१, ७३.८, ७४.३ असे आकडे आले. बुधवारी ७४.८ बघून जीव घाबरा होतो. सरासरी आहे ७४.२. पुढच्या आठवड्याची सरासरी ७४.० आली तर काम चालू आहे.

रविवारी लांब धाव झाली की सोमवार-मंगळवारचा आकडा वर असणारच. आदल्या रात्री पापड-लोणचं, बाहेरची मिसळ झाली असेल तरीही. ते मीठ आणि त्यानं धरलेलं पाणी, चरबी नव्हे.

कांदेपोहे:
गादीवर, चटईवर काटा ठेवू नका. बॅटरी उतरली की आकडे भरकटतात. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

मोजपट्टी:
कंबर मोजा!! दर पंधरा दिवसांनी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, जमिनीला समांतर, श्वास सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचं नाही. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतायला नको. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही सावध व्हायची रेघ धरतात. वजन जागच्या जागी आणि कंबर दोन सेंमी कमी, असं नवशिक्यांमध्ये पुष्कळ दिसतं. ती खरी बातमी.

आणि त्या चरबीचा टक्का दाखवणाऱ्या काट्यांवर धावून आल्या आल्या उभे राहू नका. ते पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. अंगातलं पाणी कमी-जास्त, तळवे ओले, की टक्का भलताच येतो.

सायली_नव्हे_जाई:
बायकांसाठी वेगळं लिहायलाच हवं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस एक ते दोन किलो वाढ दिसू शकते. त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करून उपयोग नाही. चक्राच्या सहाव्या दिवसाची पुढच्या चक्राच्या सहाव्या दिवसाशी करा. वहीत तारखेशेजारी चक्राचा दिवस लिहायचा, बस.

उलटही लक्षात ठेवा. वजन भराभर उतरतंय, थकवा जात नाही, आणि पाळी लांबली किंवा बंदच झाली, तर खाणं खर्चाला पुरत नाहीये. हाडं त्यानंच ठिसूळ होतात. धावणं कमी करून डॉक्टरांना दाखवा. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. शाकाहारी बायकांमध्ये लोह कमी असणं फार आढळतं.

पहाटपाऊल:
जाई, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. पाळी थांबली म्हणजे व्यायाम चांगला चाललाय, असं समजणाऱ्या मुली अजूनही आहेत.

टपरीसमोर:
मैदानाबाहेरचा नाश्ता. त्यावर कुणी बोलत नाही. ६५ किलोचा माणूस ३ किमी धावला, खर्च १९५. एक वडापाव अडीचशे-तीनशेच्या घरात. वर चहातली दोन चमचे साखर, ४०. फिटंफाट तर सोडाच, वरच जातं.

वडापाव खाऊ नका असं म्हणत नाही, धावण्याच्या हिशेबात धरू नका. मनगटावरचं घड्याळ ४०० दाखवतं, त्यातही गफलत असते: काही घड्याळं एकूण खर्च दाखवतात, त्यात ४० मिनिटं नुसतं बसून खर्च झाल्या असत्या त्या पन्नासेक कॅलरीही येतात.

आणि दुपारची झोप! सकाळी धावलं म्हणून दिवसभर लिफ्ट, दिवसभर खुर्ची. खर्च तिथे भरून निघतो. पावलं मोजत असाल तर धावायच्या दिवशीची *उरलेली* पावलं बघा.

थंडीतला_पुणेकर:
इकडे परदेशात हिवाळ्यात सगळे ट्रेडमिलवर. यंत्रात स्वतःचं वजन टाकल्याशिवाय कॅलरीचा आकडा धरू नका. न टाकलं तर ते आपल्याच मनातलं एक ठरावीक वजन धरून चालतं. ५५ किलोच्या बाईला त्यामुळे खर्च फुगवून दिसतो.

कांदेपोहे:
आले. नाश्त्याचं मी सांगते. धावून आल्यावर तासाभरात काहीतरी प्रथिनं पोटात जाऊ देत, म्हणजे अकरा वाजता डब्यांवर हात जात नाही. दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम. अंडं चालत नसेल तर ५० ग्रॅम बेसनाचं धिरडं, ११ ग्रॅमच्या आसपास, वर वाटीभर दही. पोहे करायचेच तर मोड आलेली मटकी मुठीनं घाला आणि शेंगदाणे मोजून; ३० ग्रॅम दाणे म्हणजे १७० कॅलरी, पटकन जातात. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, त्यावर विसंबू नका. दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत तरी पोचा.

मोजपट्टी:
धिरड्यात ओवा की जिरं?

कांदेपोहे:
ओवा. आणि पीठ दहा मिनिटं भिजू द्यायचं, नाहीतर तव्याला चिकटतं. बिडाचा तवा असेल तर कांदा अर्धा कापून तेलात बुडवून फिरवा आधी.

टेकडीवाला:
परत वजनाकडे :) धावून आल्यावर काटा ७०० ग्रॅम कमी दाखवतो आणि लोक खूश होतात. तो घाम. पण त्याचा उपयोग आहे. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. आधी ७२.४, नंतर ७१.७, वाटेत प्यायलात ३०० मिली. घाम गेला साधारण एक लिटर. मुंबईच्या दमटपणात हा आकडा वाढतो, घाम वाळत नाही म्हणून अंग थंडही होत नाही. भिजलेला सुती टीशर्टच पावशेराला जातो, तो अंगावर ठेवून केलेलं वजन खोटं.

पाणपोई:
याला जोडून एक गंभीर गोष्ट. धावून आल्यावर वजन *वाढलेलं* दिसलं तर पाणी जरुरीपेक्षा जास्त झालंय. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या. नवशिक्यानं ३०-४० मिनिटांच्या धावण्यात तहान लागेल तेवढंच प्यावं.

गुडघेदुखी_नको:
९० किलोच्या वरचे आहात? काट्याची घाई तर मुळीच नको. प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. आधी दोन-तीन आठवडे ३० मिनिटं झपझप चाला. मग ५ मिनिटं चालून १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुटी. बोलता आलं पाहिजे, पूर्ण वाक्य. नाही आलं तर वेग जास्त आहे. पावलं छोटी, पाय कमरेच्या फार पुढे टाकू नका.

नडगीच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघा. लांब पट्टा दुखत असेल तर अंतर निम्म्यावर आणा. एकाच बोटाएवढ्या जागी टोचतंय, रात्रीही दुखतंय, तर धावणं बंद आणि डॉक्टर. तो हाडाचा ताण असू शकतो.

टपरीसमोर:
बुटांचं?

गुडघेदुखी_नको:
संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो. धावायचे मोजे घालूनच मापून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ५०० ते ८०० किमीनंतर आतली गादी बसते, वजन जास्त असेल तर लवकर.

औषधवेळ:
मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्शुलिन चालू असेल तर रिकाम्यापोटी धावायला जाण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि नवीन माणसाला तो धावण्याचाच घाम वाटतो. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा. आणि साखर उतरेल म्हणून जास्तीचं खाणं होतं, वजन तिथे अडतं. उपाय डोस बदलण्यात आहे, उपाशी राहण्यात नाही.

काही न बदलता महिन्यात तीन-चार किलो गेले तर आनंद नको, तपासणी करा. थायरॉइड, साखर, दोन्ही.

सायली_नव्हे_जाई:
औषधवेळ, धन्यवाद. आईला वाचून दाखवते आत्ताच.

पहाटपाऊल:
तेलाचं कुणीच लिहिलं नाही की. कांदेपोहे?

कांदेपोहे:
लिहिते. पंधरा मिली तेल म्हणजे १२० कॅलरी, दोन किमी धावल्याएवढ्या, ६० किलोच्या माणसाला. फोडणीत किती गेलं ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल तर डोकी २५ मिली रोज, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. किटलीच्या तोटीनं थेट कढईत ओतू नका, चहाचा चमचा ठेवा शेजारी. भाजीला तीन चमचे पुरतात, मोहरी तडतडायला तेवढं बास.