बिनतळणीचे मासे: तुमच्या घरी कसे होतात?

मार्चमध्ये नवऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ३१२, म्हणजे जास्तच. डॉक्टर म्हणाले, मासे खा, जरूर खा, पण तळलेले नकोत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण आमच्याकडे मासे म्हणजे सुरमईची तुकडी, रव्यात घोळवून तेलात सोडलेली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण दुसरं काही मी केलंच नव्हतं. माझं माहेर देशावरचं. मासे मी सासरी येऊन शिकले, आणि शिकले तेही पाहुण्यांसाठीचे. रोजचे नाहीत.

पहिल्या आठवड्यात उत्साहाने मासा वाफवला. मीठ, हळद, लिंबू, इडलीपात्रात वीस मिनिटं. कापूस झाला. मुलीने एक घास खाल्ला आणि विचारलं, "आई, घरात कोण आजारी आहे?"

मग देवगडला सासूबाईंना फोन. त्या हसायलाच लागल्या. "अगो, तेव्हा तळूक तेल खंय होता? बांगड्याचा तिखला कर." बेडगी मिरची, थोडे धणे, हळद, चिंचेचा कोळ, एवढंच वाटण. ते पातळ करून उकळायचं, चेचलेली तिरफळं (कोकणातली सुगंधी मसाल्याची फळं) आणि मीठ घालायचं आणि मग बांगड्याचे तुकडे सोडायचे. फोडणी नाही. शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल. आणि एक ताकीद: मासे घातल्यावर डाव घालायचा नाही, टोप हलवायचा.

दोन फडक्यांनी टोपाचे कान धरले आणि जातं फिरवावं तसा हळूहळू गोल फिरवला. रस्सा कडेने चढला, उतरला, तुकड्यांवरून गेला. आठ मिनिटांत गॅस बंद. बांगड्याची कातडीसुद्धा सुटली नव्हती.

तर आता तुम्ही या धाग्यावर खाली लिहा. मोजूनमापून पाककृती नको, घरात काय घडतं ते हवं. फसलेलंही सांगा, मी कापसाचं सांगितलंय.

तिरफळ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तिरफळाचं मात्र नीट लिहायला हवं, कारण शहरात लोक ते मिक्सरमधून काढतात, मग रस्सा कडू झाला म्हणून तिरफळालाच शिव्या देतात. सुगंध असतो तो सालीत. आतली काळी बी काढून फेकायची, साल वरवंट्याने नुसती दडपायची आणि रश्श्यात सोडायची. जेवताना बाजूला काढायची, खायची नाही. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच तिरफळ. पापलेटला घालू नका, त्याची चव उरायची नाही.

आणि तारल्यांबद्दल. ज्या ओमेगा-३ साठी लोक गोळ्या घेतात ते तारलीत आणि बांगड्यात भरपूर असतं. आमच्या लहानपणी तारली म्हणजे गरिबाचा मासा. पाहुणा दारात दिसला की आई तारल्यांचं भांडं झाकून ठेवायची आणि अंडी आणायला पाठवायची. आता मीच पाहुण्यांना तारल्या वाढते. हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावलेल्या तारल्या केळीच्या पानात गुंडाळायच्या, कोरड्या तव्यावर ठेवायच्या, पान काळं पडलं की उलटायच्या. तेलाचा थेंब नाही. तारली स्वतःचंच तेल सोडते, पान उघडलं की बोटं चकचकीत होतात.

वसईकरीण

भुजणं अजून कोणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा असतंच. दोन मोठे कांदे बारीक चिरायचे, त्यात हळद, मीठ, लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि चमचाभर कच्चं तेल. आता हे सगळं हाताने चुरडायचं. चमच्याने कालवायचं नाही. चुरडता चुरडता कांद्याला पाणी सुटतं, बोटांमधून हिरवट रस ओघळायला लागतो. तेच भुजण्याचं पाणी, वरून आणखी घालायचं नाही. त्यात माशाचे तुकडे हलक्या हाताने लोळवून पसरट भांड्यात मांडायचे, वर ताटली, ताटलीत पाणी, आणि गॅस अगदी बारीक. पापलेट असो नाहीतर कोलंबी, कृती तीच.

माझ्या आजेसासूबाई भुजणं चढवून भाकऱ्या थापायला बसत. तिसरी भाकरी तव्यावरून उतरली की भुजणं झालं. मी भाकऱ्या करत नाही, घड्याळ लावते. दहा मिनिटं.

एक चूक कबूल

ही पाककृती नाही, पण आरोग्याचं बोलतोय म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी सकाळी बंदरावरून बांगडे घेतले, डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक. खूश होऊन डिकीत पिशवी टाकली आणि एका कामात अडकलो. एप्रिल महिना. घरी पोचायला तीन वाजले. धुतले, वास घेतला, ठीक वाटले. बर्फ घ्यायची बुद्धी झाली नव्हती, फेकायची तर नाहीच.

जेवून अर्धा तास झाला नसेल, चेहरा तापला, मान लाल, अंगावर गांधी, छातीत धडधड. बायकोचंही तेच. आम्ही समजलो, इतकी वर्षं खाऊन आता माशाची अ‍ॅलर्जी झाली. डॉक्टरांनी विचारलं, मासा किती वेळ बाहेर होता? मग समजावलं की बांगडा, कुपा (ट्यूना) या जातीचे मासे गरमीत राहिले की त्यांत हिस्टामाइन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखाच त्रास देणारं द्रव्य, तयार होतं, आणि एकदा झालं की शिजवा, तळा, फ्रीजरमध्ये टाका, ते जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही. औषधाने संध्याकाळपर्यंत उतरलं. तेव्हापासून गाडीत थर्माकोलचा डबा असतो. बायको त्याला 'डॉक्टरांची फी' म्हणते.

उजनीचं पाणी

समुद्रवाल्यांनो, आमचंही ऐका. आम्ही इंदापूरकडचे, आमचा मासा धरणाचा. चिलापी, मरळ, रोहू, कटला, वाम. भिगवणला रस्त्यावर थांबून तळलेली चिलापी सगळेच खातात, घरी आमच्यात रस्साच जास्त.

गोड्या पाण्याच्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो, त्यावरून मुंबईचे पाहुणे नाकं मुरडतात. मासा शिळा नसतो, वास पाण्यातून अंगात मुरलेला असतो. त्याला आंबटाचा इलाज. खवले काढून, पोट साफ करून, आतली काळी पातळ साल घासून काढायची (वास तिथेही दडलेला असतो), मग मीठ चोळून आंबट ताकात पंधरा मिनिटं. धुवून टाकलं की निम्म्याहून जास्त वास गेला. पुढे कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं थोडं वाटण, पातळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी कुस्करून. माझे वडील चिलापीचं डोकं कोणाला देत नसत. आता मी देत नाही.

बोंबील

ओल्या बोंबलात पाणीच पाणी. तळायचा तर पाट आणि वरवंटा ठेवून पिळून काढावा लागतो. कालवणाला ती कटकट नाही. लसूण ठेचून टाका, हळद, तिखट, कैरीच्या दोन फोडी, पाणी उकळलं की बोंबील सोडा, चार मिनिटांत उतरवा. पाचवं मिनिट झालं की शोधत बसाल.

सहा महिन्यांची आई

मला कोणी खरं सांगाल का? बाळंत झाल्यावर आजीने आल्या आल्या मोरी आणायला लावली. दूध वाढतं म्हणून आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण देतातच. माझी डॉक्टर म्हणाली, मोरी म्हणजे शार्क, मोठा शिकारी मासा. लहान मासे खाऊन खाऊन त्याच्या अंगात पारा साठतो, म्हणून गरोदरपणी आणि अंगावर पाजताना तो टाळलेला बरा. लहान मासे खुशाल खा.

आजीला हे सांगायचं कसं? शेवटी मी म्हटलं, "आजी, मुडदुशा आण ना, मला मोरी पचत नाही." पचत नाही म्हटल्यावर आजी गप्प. मुडदुशीचं हळद-आमसूल घातलेलं पांढरं कालवण आणि मऊ भात, चाळीस दिवस तेच खाल्लं. दूध छान आलं, श्रेय आजीने घेतलं, मी देऊन टाकलं.

आता बाळाचं वरचं सुरू केलंय. हलव्याचा तुकडा नुसत्या मीठ-हळदीच्या पाण्यात शिजवते, मग दोन बोटांत चिरडून काटा तपासते. एकदा नाही, तीनदा. चमच्याने काटा कळत नाही, बोटालाच कळतो.

वडिलांचा अंगठा

मासे सगळ्यांना चांगलेच, असं नाही. वडिलांना रात्री दोनला पायाचा अंगठा ठणकू लागला, चादरीचा स्पर्श सहन होईना. युरिक अ‍ॅसिड. त्या आठवड्यात घरी दोनदा तारल्या झाल्या होत्या. तारली, मांदेली अशा माशांत प्युरीन जास्त, त्याचंच अंगात युरिक अ‍ॅसिड होतं, म्हणून त्यांना त्या बंद. दुसरे मासे आठवड्यातून एकदा, तुकडा एकच. चवीला ते रश्श्यावर भागवतात. गुपचूप दोन वाट्या जास्त घेतात, मी बघितलं नाही असं करते.

थंडीतला

स्कॉटलंडमध्ये राहतो. इथे बांगड्याचा चुलतभाऊ मिळतो, पाठीवर नागमोडी काळसर रेघा, चरबी मात्र कितीतरी जास्त. फ्लॅटमध्ये तळलं की तीन दिवस पडद्यांना वास, म्हणून ओव्हनकडे वळलो. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, चिरांत लसूण-तिखट-आमसुलाचं वाटण दाबून भरायचं, २०० अंशांवर पंधरा मिनिटं. सुरुवातीला मीही कापूस करायचो. मग मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला. आत ६३ अंश झाले की बाहेर काढायचा. माशाचं मांस मटणासारखं चिवट नसतं, फार वेळ ठेवलं तर मऊ होत नाही, फक्त रस निघून जातो. धागाकर्तीच्या इडलीपात्रात वीस मिनिटांत तेच झालं. सहा-सात मिनिटांनी बघा.

आईला व्हिडिओ कॉलवर थर्मामीटर दाखवला. म्हणाली, "माशाला ताप आलाय का?"

रविवारचा

सगळं मान्य. पण रविवारी मला तुकडी तळलेलीच लागते, आणि हृदयविकाराची गोळी घेणारा माणूस आहे मी. तडजोड अशी: तुकडी फडक्याने अगदी कोरडी टिपायची. रवा नाही, तांदळाच्या पिठाचा पातळ हात. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, दोन चमचे तेल, आणि तुकडी ठेवल्यावर तिला हात लावायचा नाही. खालची बाजू झाली की ती आपणहून तवा सोडते. ओढून काढली तर अर्धी तव्यालाच.

आगोटकर

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा काय करता? आमच्याकडे सुकं. जवळा, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा. यात धोका मिठाचा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात, आणि खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला बराच वाटा खातो. आम्ही खारं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवतो, पाणी बदलून पुन्हा भिजवतो, कालवणात मीठ घालतच नाही. जवळ्याला मीठ कमी असतं, तो कोरडा भाजून, चाळून (रेती!), कांदा आणि वांग्याबरोबर. बीपीवाल्या काकूंना खारं नाही, जवळा चालतो.

धागाकर्ती

सगळं वाचतेय, वहीत उतरवूनही घेतलं. थर्मामीटर मागवलाय, सासूबाईंना सांगितलेलं नाही. काल भुजणं केलं. चव आली, पण सगळं पाण्यात तरंगत होतं, आमटीच झाली. पापलेटं दोन मध्यम, कांदे दोन, बाकी सगळं लिहिलं तसंच.

वसईकरीण

अर्धी वाटी पाणी घातलंत ना?

धागाकर्ती

पाव वाटी. करपेल असं वाटलं.

वसईकरीण

चुरडायला किती वेळ दिलात? मी पाच मिनिटं चुरडते, घड्याळ लावून. कांदा हातात मऊ पडला पाहिजे, चावल्यावर कचकन वाजता कामा नये. मग करपत नाही. आणि ताटलीतलं पाणी आटलं की पुन्हा भरा, ते विसरू नका.